पातं, कागद आणि शिरोरेषा

विक्रोळीत डाय म्हणजे काय हे फारसं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कन्नमवार नगर घ्या, टागोर नगर घ्या, पार्कसाइट घ्या. घरातलं कुणी ना कुणी कधीतरी प्रेस शॉपमध्ये किंवा टूलरूममध्ये पाळ्या केलेलं असतं. आयटीआयला ‘टूल अँड डाय मेकर’चा ट्रेड मिळाला की मुलगा मार्गी लागला, असं मानणाऱ्या घरांची ही वस्ती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजने १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार केल्या, त्या याच विक्रोळीत. पत्र्याचे एकसारखे लाखो तुकडे हाताने कातरून होत नाहीत. त्याला प्रेस लागतो आणि प्रेसखाली डाय लागते.

आता तीच डाय तळहातावर मावेल एवढी होऊन घरातल्या टेबलावर आली आहे. पोस्टकार्डाएवढी, पातळ, पोलादाची. कुणी तिच्यातून जास्वंद काढतं, कुणी जाळीची चौकट, कुणी पणती. त्यापासून वाढदिवसाची, बारशाची, दिवाळीची शुभेच्छापत्रं तयार होतात. गणपतीत आणि दिवाळीत सोसायटीच्या आवारात जे छोटे स्टॉल लागतात, त्यांवर अशी कार्डं दिसली की लोक हातात घेतात, उलटून बघतात आणि हमखास विचारतात, “हे मशीनवर केलंय ना? मग हातचं कसं?” प्रश्न रास्त आहे, आणि या प्रकरणात त्याचंच उत्तर शोधायचं आहे. डाय नेमकं किती काम करते आणि किती आपल्यावर सोडते, हे कळलं की कार्डाकडे बघायची नजर बदलते.

सुरुवात कापण्यापासून करू. पत्रा कापणारी डाय जोडीने चालते. वर पंच, खाली डाय. पंच डायच्या भोकात उतरतो आणि मधला पत्रा त्या दोन कडांमध्ये कातरला जातो. दोन्ही कडांमध्ये पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट ठेवावी लागते. फट कमी झाली तर डाय लवकर झिजते, जास्त झाली तर कडेला बर, म्हणजे खरखरीत कोर, येते. टूलरूममधल्या माणसाचं अर्धं आयुष्य या फटीत जातं. कागदाच्या डायला मात्र जोडीदार नसतो. तिच्यात एकच पातं असतं आणि समोर सपाट पाट. पातं कागदात शिरतं, तंतू बाजूला सारत खाली टेकतं आणि थांबतं. ते पाटापर्यंत पोहोचलं नाही तर कागद चिकटून राहतो. गरजेपेक्षा खोल रुतलं तर पाट खराब होतो आणि धार बोथट होते. म्हणून इथे सगळा खेळ दाबाचा आणि जाडीचा आहे.

घरगुती डाय बनते रसायनाने. पोलादाच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावतात, त्यावर नक्षीची प्रतिमा उमटवतात आणि जिथे लेप उरत नाही तिथलं पोलाद रसायनाकडून खाऊ देतात. सगळा भाग खोल जातो आणि नक्षीची रेघ तेवढी उंच उभी राहते. हीच रेघ म्हणजे पातं. हाताने घासून इतकी बारीक जाळी कुणालाही काढता आली नसती.

हे पातं दाबायचं यंत्र म्हणजे दोन रूळ आणि एक हँडल. सिझिक्स या ब्रँडचं ‘बिग शॉट’ या जातीत सर्वांत ओळखीचं, पण आता कितीतरी नावांनी अशी यंत्रं मिळतात. रसवंतीच्या चरकात ऊस जातो तसे यात थर जातात: खाली जाड पाट, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यावर डाय धार वर करून, डायवर कागद आणि कागदावर दुसरी प्लेट. रूळ हे सगळं एकदम दाबत नाहीत. कोणत्याही क्षणी दाब फक्त एका अरुंद पट्टीवर पडतो, ती पट्टी पुढे सरकत जाते. घरातल्या घरात, विजेशिवाय, एका हाताच्या जोरावर पोलाद कागदातून आरपार जातं ते यामुळेच. हीच डाय सपाट प्रेसमध्ये एका फटक्यात दाबायची तर कितीतरी पट जोर लागेल.

यातून एक युक्ती निघते. चौकोनी डाय यंत्रात सरळ सारली तर तिची अख्खी आडवी कड एकाच वेळी रुळाखाली येते. हँडल तिथे अडतं, जोर लावावा लागतो आणि प्लेट तडकायची भीती असते. डाय जराशी तिरकी ठेवली की कड एका टोकापासून हळूहळू कापली जाते आणि हँडल अलगद फिरतं. प्रेस टूलमध्ये पंचाचं तोंड मुद्दाम उतरतं घासतात, त्याला शिअर देणं म्हणतात. त्यामागचं तत्त्व अगदी हेच. टूलरूममध्ये हयात घालवलेल्या विक्रोळीकराला नातीच्या टेबलावरचं यंत्र पहिल्यांदा दाखवलं तर बाकी काही सांगावं लागणार नाही, तो आपणहून डाय तिरकी करेल. कारखान्यातलं ज्ञान घरात किती सहज उतरू शकतं हे पाहिलं की मला फार आनंद होतो.

कागदाला नक्षी पाडायची हौस मात्र या यंत्रांहून खूप जुनी. १८३४ मध्ये लंडनच्या डॉब्स या कागदवाल्यांकडे काम करणाऱ्या जोसेफ अॅडनब्रूकला एक शोध लागला. ठसा मारून उठाव आणलेल्या कागदाची उंच झालेली टोकं कानशीने घासली की तिथे भोकं पडतात आणि कागदाची लेस तयार होते. अशा लेसच्या कागदावर मग शुभेच्छापत्रांचा मोठा व्यापार उभा राहिला. अमेरिकेतल्या वुस्टर गावात एस्थर हाउलँड या तरुणीच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. १८४७ च्या सुमारास तिच्या हाती एक इंग्रजी कार्ड पडलं, आणि तसंच आपण करू शकतो असं तिला वाटलं. तिने लेसचा कागद आणि रंगीत चित्रं मागवली, मैत्रिणींना टेबलाभोवती बसवलं आणि प्रत्येकीला एकेक काम दिलं. एकीने चित्र कापायचं, दुसरीने चिकटवायचं, तिसरीने थर चढवायचा. लेस यंत्रावरची, चित्रं छापलेली. तरीही ती कार्डं हातचीच मानली गेली आणि लोकांनी ती त्याच किमतीला घेतली. स्टॉलवरच्या प्रश्नाचं उत्तर तिने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं होतं.

कारखान्यात एकाच दाबात कापणाऱ्या आणि घडी पाडणाऱ्या डायचा जन्म अपघाताने झाला. १८७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात होत्या. छपाईतली धातूची एक पट्टी चुकून वर उचलली गेली आणि तिने पिशव्या छापण्याऐवजी कापल्या. नुकसान झालंच, पण गेअरना त्यात वेगळंच दिसलं. एकाच दाबात काही पट्ट्यांनी कापायचं आणि काहींनी नुसती घडी पाडायची, तर चपटा पुठ्ठा एका फटक्यात खोक्याच्या आकारात येईल. औषधाच्या गोळ्यांपासून टूथपेस्टपर्यंत ज्या ज्या घडीच्या खोक्यातून वस्तू आपल्या घरी येते, त्याचा उगम तिथे आहे.

तीच रीत आजही मुंबईतल्या छापखान्यांच्या गाळ्यांमध्ये चालते. तिथे तिला पंचिंग म्हणतात. प्लायवूडच्या फळीत नक्षीबरहुकूम बारीक फट पाडून त्यात पोलादी पट्टी ठोकून बसवतात. कापणाऱ्या पट्टीची उंची २३.८ मिलिमीटर, जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. घडी पाडणारी क्रीजिंगची पट्टी किंचित बुटकी आणि बोथट. दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवतात, म्हणजे कागद पात्यात अडकून न बसता उसळून बाहेर येतो. सगळ्यात नाजूक काम त्यानंतरचं. पहिला कागद काढून उजेडासमोर धरायचा. कुठे आरपार कापलं, कुठे तंतू राहिले ते बघायचं. जिथे राहिलं असेल तिथे पाटाखाली कागदाची बारीक टेप लावायची, पुन्हा एक कागद काढायचा, पुन्हा उजेडासमोर धरायचा. कुशल कारागीर केसाएवढ्या उंचीचा फरक बोटाने ओळखतो. पात्यात मुद्दाम एखाद-दोन खाचाही ठेवतात, त्यामुळे कापलेला भाग धाग्याएवढ्या जोडाने कागदाला धरून राहतो आणि यंत्रात सांडत नाही. कार्डाची कड नीट पाहिली तर असा जोड तुटल्याची बारीकशी खूण सापडते.

उंची भरून काढायचं हे काम, म्हणजे पॅकिंग, घरच्या यंत्रातही असंच करतात. जाळीचा मधला भाग कापला गेला नाही, तर जोर वाढवू नये. वरच्या प्लेटवर साध्या कागदाचा एखादा तुकडा नेमक्या त्या जागी ठेवून पुन्हा फिरवावं. प्लेट वापरून वाकायला लागते, म्हणून दर वेळी उलटी करावी. नाजूक जाळीचा कागद डायमध्ये अडकून फाटतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये पोळ्या गुंडाळायच्या मेणकागदाचा तुकडा घातला की जाळी अलगद सुटते. उरलेले कण सुईने मागून टोचून काढायचे. डायला मागून भोकं असतात ती त्यासाठीच.

आता कागद. माझ्या मते कार्ड बिघडतं ते बहुतेक वेळा कागदामुळे. गिरणीचा कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या दिशेने लागतात. या दिशेला घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ पडते, तिच्या आडव्या दिशेला घातली तर पाठीवर भेगा दिसतात. दिशा ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या बाजूने विरोध कमी, ती दिशा. घडीआधी रेघ दाबून घ्यावी. त्यासाठी महागडं हत्यार नको, शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. दाबलेल्या रेघेवर कागदाचे आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि बाहेरची कातडी न फाटता वळते. कार्डाच्या पायाला २५० ते ३०० जीएसएमचा कागद हवा, वरच्या फुलापानांना १२० ते २०० चा पुरे. अर्ध्या ए-फोरची घडी घातली की पाकिटात बसेल असं नेमकं कार्ड होतं.

हातकागद वापरायचा मोह सगळ्यांना होतो आणि व्हायलाही हवा. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांच्या प्रयत्नातून १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, ती स्वदेशीच्या आणि ग्रामोद्योगाच्या विचारातून. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या या कागदात तंतू लांब असतात आणि एका दिशेने लागलेले नसतात. त्यामुळे तो दणकट, पण डायला अवघड. बारीक जाळी त्यातून काढली तर कडेला लव उभी राहते. यावर उपाय असा की हातकागद पायाला आणि मोठ्या साध्या आकारांना वापरायचा; जाळी काढायची ती गुळगुळीत कार्डशीटमधून. दोघं शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात.

मुंबईच्या पावसाळ्यात या कामाची परीक्षा होते. हवेतला ओलावा पिऊन कागद फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त, म्हणून जूनमध्ये सरळ असलेली चौकट जुलैत पन्हाळीसारखी वाकते. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतंच, तो हात सैल सोडून लावला की पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. टूथपिकच्या टोकाने ठिपके द्यावेत आणि कार्ड दोन जाड पुस्तकांच्या मध्ये रात्रभर दाबून ठेवावं. डायना गंजाचा धोका आहे. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, आणि डबा पोलादी कपाटात. विक्रोळीत पोलादी कपाट कुठून आणायचं हा प्रश्न नाही.

माल घ्यायला इथली मंडळी लोकलने मशीद स्टेशन गाठतात. तिथून अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात रंगीत कार्डशीट, फोमची दुपदरी टेप, मणी, रिबिनी, हवं ते मिळतं. कागदाला काय काय करता येतं हे पाहायचं असेल तर मात्र गिरगावात, कांदेवाडीच्या खाडिलकर रोडला जावं. लग्नपत्रिकांचा हा बाजार. दुकानादुकानांत टांगलेल्या पत्रिकांवर पंचिंग, उठावाचा ठसा, सोनेरी फॉइल आणि लेझरची जाळी एकमेकांशेजारी दिसते. लेझरने कापलेली कड ओळखणं सोपं आहे: ती किंचित तपकिरी असते आणि नवी असेपर्यंत जळका वास देते. पात्याची कड पांढरी राहते आणि बोट फिरवलं तर एका बाजूला किंचित गोलावलेली लागते.

शुभेच्छापत्रांशी मुंबईचं आणखी एक नातं आहे. रिपन कपूर यांनी १९७९ मध्ये काही मित्रांना घेऊन इथे ‘क्राय’ ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षं तिची कार्डं घरोघर गेली. दिवाळीच्या आधी अशी कार्डं आणून, पाकिटाची झाकणं न चिकटवता आत खोचून, वर ‘बुक पोस्ट’ लिहून गठ्ठाच्या गठ्ठा टपालपेटीत टाकणारी पिढी अजून आपल्यात आहे. मोबाइल आला आणि छापील कार्डांची ती लाट ओसरली. हाताने केलेलं कार्ड मात्र त्या पडझडीत टिकलं, कारण ते शंभर जणांना पाठवायचं नसतंच, एकाच माणसासाठी केलेलं असतं.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. बाजारात मिळणाऱ्या अक्षरांच्या डाय जवळजवळ सगळ्या इंग्रजी. मराठी घरातल्या बारशाचं कार्ड करायचं तरी मधोमध इंग्रजी शब्द चिकटवावा लागतो. खरं तर डायच्या दृष्टीने देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी सोयीची आहे. रोमन अक्षरं सुटी. शब्द कापला की पाच-सात तुकडे हातात येतात आणि ते एका ओळीत चिकटवता चिकटवता डोळे शिणतात. म्हणून तिथे अक्षरं एकमेकांना जोडलेल्या वळणाची लिपी घ्यावी लागते. आपल्याकडे शिरोरेषा आहे. ‘वाढदिवस’ कापा, अख्खा शब्द एकसंध हातात येतो. काने, वेलांट्या सगळं रेषेला लोंबकळून राहतं. ‘ग’, ‘ण’, ‘श’ या अक्षरांचे तर दोन सुटे भाग शिरोरेषेनेच एकत्र धरले जातात.

अडचणी आहेत, पण त्या मोजक्या. ‘अभिनंदन’मधला अनुस्वार सुटा पडतो. तो एक तर बारीक दांड्याने रेषेला जोडायचा, नाहीतर चिमट्याने वेगळा बसवायचा. मला दांडा आवडतो, कारण सुटा ठिपका हमखास हरवतो. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावर रेषा तुटते, म्हणून ‘शुभ’ लिहिताना ‘शु’ आणि ‘भ’ वेगळे होतात. तिथे अक्षर काढणाऱ्याने खालून किंवा मधून एक पूल द्यायचा, आणि तो वळणातच सामावून जाईल असा द्यायचा. ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातली भोकं फार लहान ठेवली तर तिथे पातं दाटीवाटीने उभं राहतं आणि कण अडकतो. म्हणून पोट जरा मोकळं काढावं. ‘च्छा’, ‘द्ध’ अशा जोडाक्षरांत काड्या जवळजवळ येतात, तिथे एका काडीची रुंदी दीड मिलिमीटरच्या खाली गेली की कागद फाटतो. खाली उतरणाऱ्या उकाराला पुरेशी जाडी हवी, कारण डायमधून सोडवताना पहिला तोच तुटतो.

असं अक्षर काढणं हे सुलेखनकार आणि डायमेकर दोघांचं मिळून काम आहे. फळीत ठोकलेली पट्टी फार लहान वळणं घेऊ शकत नाही, त्यामुळे पंचिंगवाल्याकडून मोठे, ठसठशीत शब्द करून घ्यावेत. साधारण दोन इंचांहून उंच अक्षर असेल तर ते छान उतरतं. त्याहून बारीक असेल तर रसायनाने कोरलेली डाय किंवा लेझर. दोन्हीकडे जाताना कागदावरचं सुंदर अक्षर घेऊन जाऊन भागत नाही. प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडांची बाह्यरेषा आखलेली फाइल लागते, आणि त्या बाह्यरेषेत कुठे तुटक जागा नाही ना, हे आधी साध्या कागदावर कात्रीने शब्द कापून तपासून घ्यावं. कात्रीने कापलेला शब्द टोकाला धरून उचलला आणि एकही भाग खाली पडला नाही, तर त्याची डाय होऊ शकते.

विकायच्या कार्डाची किंमत सांगताना बहुतेक जणी कागद, टेप आणि पाकीट एवढाच खर्च धरतात. उजेडासमोर धरून पाहणं, सुईने कण काढणं, फुलाच्या पाकळ्या पेन्सिलीवर वळवून एकावर एक चढवणं, आणि मुळात कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवायचा हे ठरवणं, यात गेलेले तास त्यात मोजायलाच हवेत. डायने एका मिनिटात पाच फुलं कापली, हे खरं. ती पाच फुलं घेऊन कार्ड व्हायला लागलेला तासभर कुठल्याच यंत्राने कमी केलेला नाही. आणि असं कार्ड टपालाने पाठवायचं असेल तर उठावाच्या फुलावर पातळ पुठ्ठा ठेवून मगच पाकिटात घालावं आणि वरची बाजू पोस्टाच्या खिडकीवर सांगून द्यावी. तारखेचा शिक्का जोरात बसतो.